संगणकांची बाजारबोली

किनवटच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा अशा कितीतरी बोली कानांवर पडतात. घरी कोणी काहीही बोलो, भाव ठरवताना दोघांना कळेल अशी एक बोली पकडावी लागते. संगणकांचेही तसेच. एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. आतली रचना निराळी. पण निरोप कसा बांधायचा, पत्ता कुठे लिहायचा, पोचला नाही तर काय करायचे, हे नियम दोघांनी आधीच मानलेले असतात. हेच प्रोटोकॉल. आपण त्यांना संकेत म्हणू.

पूर्वी मोठ्या कंपन्यांचे संकेत आपापले असत. सर्वांसाठी एक कोणता, यावर बराच खल झाला. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘अर्नेट’ हे जाळे उभारायला घेतले. मुंबईची एनसीएसटी, पाच आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था त्यात होत्या. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा ‘ओएसआय’ कागदावर देखणा होता. अमेरिकेच्या अर्पानेटने १ जानेवारी १९८३ पासून स्वीकारलेला ‘टीसीपी-आयपी’ वापरून पारखलेला. अर्नेटने शहाणपणाने दोन्ही चालवले. १९९५ पासून जवळपास सगळी वाहतूक टीसीपी-आयपीवर आली. निवाडा वापरणाऱ्यांनीच केला.

आता एखादे लहान कार्यालय घ्या. प्रत्येक यंत्राला चार गोष्टी सांगाव्या लागतात: स्वतःचा क्रमांक, आपल्या आळीची हद्द, बाहेर जायची वेस, आणि नावावरून क्रमांक सांगणाऱ्या यंत्राचा पत्ता. विंडोज असो की लिनक्स, या चार त्याच. घोटाळा बहुधा पहिल्या गोष्टीत होतो. नव्या संगणकाला कोणीतरी जुन्याचाच क्रमांक देतो. दोन घरांना एकच क्रमांक असल्यावर पोस्टमनने काय करावे? जाळे कधी चालते, कधी अडते. सारे टेलिफोनवाल्यांना बोल लावतात आणि तांड्यावरून दाखल्यासाठी आलेल्या माणसाची मजुरी बुडते.

१९९३ मध्ये आलेल्या ‘डीएचसीपी’ संकेताने हे काम हलके केले. एक यंत्र क्रमांकांचा साठा बाळगते आणि मागेल त्याला मुदतीपुरता क्रमांक देते, भाड्याच्या खोलीसारखा. असे वाटप करणारे यंत्र मात्र आळीत एकच हवे. कोणी घरचा राउटर सहज आणून जोडला, की तोही वाटत सुटतो! प्रिंटरला पक्का क्रमांक द्यावा, तोही साठ्याबाहेरचा. आणि कोणता क्रमांक कोणाला, याची नोंद आवक-जावक वहीसारखी कार्यालयातच असावी. ती तंत्रज्ञाच्या डोक्यात राहिली, तर तो नांदेडहून येईपर्यंत काम ठप्प.

अडलेच तर ‘पिंग’ ही आज्ञा द्यावी. ती दोन्हीकडे चालते. आधी वेशीच्या क्रमांकाला, मग बाहेरच्या एखाद्या. वेशीवरून उत्तर आले, पुढून आले नाही, तर दोष बहुधा बाहेरचा. वेशीवरूनच आले नाही, तर आधी तार नीट खोचलेली आहे का पाहा, मग वही काढा.