चांदीचे डॉलर : छोट्या ‘ओ’ची साक्ष

पिटमन कायद्याखाली वितळवलेल्या डॉलरांची हकिगत या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ती एक आठवडा पुढे ढकलतो. नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न या लेखमालेच्या मुळालाच हात घालणारा आहे. डॉलरवरच्या गरुडाच्या शेपटीत पिसं सात की आठ, हे गेल्या वेळी वाचून ते विचारतात, ‘चांदी तीच, वजन तेच, मग इतके बारीक फरक शोधून हाती काय लागतं?’

हाती काय लागतं त्याचं माझं सर्वांत लाडकं उदाहरण आज सांगतो. त्यात अख्खं प्रकरण एका अक्षराभोवती फिरतं.

आपल्या नाण्यावर सालाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण दिसली की ते मुंबई टांकसाळीचं, हे आपल्याकडच्या कुठल्याही संग्राहकाला ठाऊक असतं. अमेरिकेच्या मॉर्गन डॉलर या चांदीच्या नाण्यावर टांकसाळीची खूण मागच्या बाजूला असते. गरुडाखालच्या पानांच्या माळेखाली भिंग न्या. ‘एस’ असेल तर सॅन फ्रान्सिस्को, ‘सीसी’ असेल तर कार्सन सिटी, ‘ओ’ असेल तर न्यू ऑर्लिन्स आणि काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. (१९२१ सालच्या काही डॉलरांवर डेन्व्हरचा ‘डी’ही सापडतो.) सगळ्या टांकसाळींच्या डाय, म्हणजे नाण्यावर छाप उठवणारे ठसे, फिलाडेल्फियातच तयार होत आणि हे अक्षर तिथला कारागीर प्रत्येक डायवर हाताने ठोकत असे. त्यामुळे अक्षर कुठे डावीकडे सरकतं, कुठे कलतं, कुठे दोनदा उमटतं. व्हॅन ॲलन आणि मॅलिस यांच्या डॉलर-सूचीतले कितीतरी प्रकार याच हातोडीतून जन्मले आहेत.

१८९९ साली न्यू ऑर्लिन्ससाठीच्या काही डायवर नेहमीपेक्षा बराच लहान ‘ओ’ ठोकला गेला. अक्षर ठोकायचा तो पंच होता पाव डॉलरच्या नाण्याचा. हे डॉलर अस्सल आहेत आणि संग्राहक त्यांच्यासाठी आवडीने जास्त पैसे मोजतात. असाच छोटा ‘ओ’ १८९६, १९०० आणि १९०२ या सालांच्या डॉलरांवरही सापडला. टांकसाळीने एकदा चुकीचा पंच उचलला, तर आणखी तीनदा उचलला असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. तिन्ही प्रकार सूचीत गेले. नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपन्यांनी त्यांना अस्सल ठरवून प्लॅस्टिकच्या सीलबंद स्लॅबमध्ये बंद केलं. लिलावात त्यांना चढी बोली लागू लागली.

एक गोष्ट मात्र खटकण्यासारखी होती. ही नाणी जवळपास सगळी झिजलेली मिळत. न्यू ऑर्लिन्सचे डॉलर तर वर्षानुवर्षं पिशव्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत पडून होते. १८९८, १९०३ आणि १९०४ सालचे डॉलर १९६२ मध्ये तिथून बाहेर आले तेव्हा कोरे करकरीत होते. मग छोट्या ‘ओ’ची ही तीन सालंच तिजोरीत कशी गेली नाहीत?

याचं उत्तर प्रकार ओळखणाऱ्यांनीच शोधलं. तिन्ही सालांची नाणी शेजारी ठेवून मागच्या बाजू ताडून पाहिल्या, तर तिन्हींवर तेच बारीक दोष त्याच जागी. म्हणजे मागची डाय एकच! मागच्या बाजूवर साल नसतं, त्यामुळे एका वर्षाची उरलेली डाय पुढच्या वर्षी वापरणं टांकसाळीत चालत असे. पण १८९६ ते १९०२ या सात वर्षांत न्यू ऑर्लिन्समध्ये सहा कोटींवर डॉलर पाडले गेले. त्या धबडग्यात एक डाय १८९६ साली वापरायची, मग १९०० साली आणि पुन्हा १९०२ साली, हे कुठल्याच टांकसाळीत घडत नाही. एकाच कारखान्यात बसून तीन वेगवेगळी सालं पाडणाऱ्याच्या हातूनच ते घडतं.

ती नाणी खोटी होती. गंमत अशी की चांदी खरी होती! त्या काळी चांदीचा भाव इतका पडला होता की एका डॉलरमधल्या चांदीची किंमत अर्ध्या डॉलरच्या आसपास असे. उत्तम चांदी वापरूनही बनावट नाणं पाडणाऱ्याला भरघोस नफा सुटत होता. म्हणूनच ती नाणी बँकेच्या गल्ल्यावरून गेली, लोकांच्या खिशांतून फिरली, झिजली आणि पुढे संग्राहकांच्या हातीही खरी म्हणूनच आली. २००५ साली हा उलगडा झाला आणि तिन्ही प्रकार अस्सलांच्या पंगतीतून उठवले गेले. आज काही संग्राहक त्यांना त्या काळातली बनावट नाणी म्हणून मुद्दाम जमवतात, तेही पूर्ण माहितीनिशी.

नाशिककर वाचकांना माझं उत्तर हेच. चांदीच्या कसोटीने जे पकडता आलं नसतं, ते डायवरच्या बारीक दोषांनी पकडलं. मागची बाजू ताडून पाहणारे लोक नसते, तर ही नाणी आजही अस्सल म्हणून विकली गेली असती. पिसं मोजणं, अक्षराचा कल पाहणं, डायची तडा गेलेली रेष लक्षात ठेवणं हा नाण्याची खरी जन्मकथा वाचण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे.

पिटमन कायदा पुढच्या आठवड्यात नक्की. अमेरिकेने या कायद्याखाली १९१८ पासून सत्तावीस कोटी डॉलर वितळवले आणि त्यांतली बहुतेक चांदी हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी इकडे आली, तेव्हा तो विषय आपल्या घरचाच आहे.

तोवर एक विनंती. छोट्या ‘ओ’चा डॉलर कुणी दुर्मीळ म्हणून समोर ठेवला, तर आधी साल पाहा. १८९९ असेल, तर जाणकाराला दाखवून मगच घ्या. १८९६, १९०० किंवा १९०२ असेल, तर तो जुन्या स्लॅबमध्ये बंद असला तरी अस्सल नाण्याची किंमत देऊ नका.