खुर्च्यांची बस

दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक बाई बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी उठली नाही आणि अमेरिका हादरली. रोझा पार्क्स यांची गोष्ट सहसा एवढ्यातच आटोपते. हे त्यांच्यावर आणि त्यांच्या गावावर अन्याय करणारे आहे. पार्क्स तेव्हा ४२ वर्षांच्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेचे चिटणीसपद त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले होते. १९५५च्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्ते घडवणाऱ्या शाळेच्या शिबिराला त्या जाऊन आल्या होत्या. १ डिसेंबर १९५५च्या संध्याकाळी बसवर जो ड्रायव्हर होता, त्यानेच १९४३ साली त्यांना गाडीतून उतरवले होते. त्या दिवशीचा नकार आदल्या बारा वर्षांतून आलेला होता.

अलाबामा राज्यातल्या त्या शहरात बसमधल्या पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या; रिकाम्या असल्या तरी कृष्णवर्णीयांनी त्यांवर टेकायचे नाही. पुढच्या दाराने चढून दहा सेंट भरायचे, पुन्हा खाली उतरून मागच्या दाराने चढायचे. तेवढ्यात कधी ड्रायव्हर गाडी हाकून मोकळा व्हायचा, आणि पैसे गेलेले असायचे. वास्तविक बसचे तीन-चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीयच होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते. त्यानंतर ८२ वर्षांनी त्या देशातल्या एका शहराची ही रीत होती.

पार्क्स यांच्या अटकेची बातमी कळताच त्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन झोपल्या नाहीत. त्या अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या आणि विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेच्या अध्यक्षाही. बसवर बहिष्कार पडू शकतो, असे पत्र त्यांनी महापौरांना मे १९५४मध्येच धाडले होते. आता कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर रातोरात हजारो पत्रके निघाली, आणि सोमवारी, ५ डिसेंबरला, बसगाड्या जवळजवळ रिकाम्या धावल्या. संध्याकाळी होल्ट स्ट्रीट चर्चमध्ये गर्दी मावेना. अवघ्या २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग तिथे बोलले.

मागण्या किती साध्या होत्या पाहा. ड्रायव्हरने नीट बोलावे. गोऱ्यांनी पुढून, कृष्णवर्णीयांनी मागून, ज्याला जशी मिळेल तशी जागा घ्यावी. कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय ड्रायव्हर नेमावेत. वेगळेपणा संपवा, असे त्यांत कुठेही नव्हते! तेवढेही नगरपालिकेने आणि बस कंपनीने नाकारले.

मग ३८१ दिवस लोक बसमध्ये चढले नाहीत. टॅक्सीवाले दहा सेंटांत नेत होते, तेव्हा नगरपालिकेने किमान ४५ सेंट भाड्याचा नियम बजावला. त्यावर शेकडो खाजगी मोटारींची व्यवस्था उभी राहिली. ठरलेल्या थांब्यांवरून माणसे उचलायची, ठरलेल्या ठिकाणी सोडायची. पण पेट्रोल, टायर, विमा यांना पैसा लागतो, आणि तो कुठून आला हे बघितले की मला या लढ्याचे खरे मोठेपण कळते. जॉर्जिया गिलमोर हॉटेलात स्वयंपाक करायच्या. त्यांनी बायका जमवल्या. या बायका घरच्या भट्टीत केक भाजायच्या, कोंबडी तळायच्या आणि विकायच्या. जमलेली रक्कम गिलमोर सभेत नेऊन द्यायच्या. गटाला नाव दिले होते ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे पैसे कुठून आले असे विचारले तर ‘कुठूनच नाही’ हे खरेच उत्तर असे. पैसे देणाऱ्यांची नोकरी त्यामुळे वाचत होती. गिलमोर यांनी, बहिष्काराबद्दल किंग यांच्यावर भरलेल्या खटल्यात साक्ष दिली आणि त्यांची स्वतःची नोकरी मात्र गेली.

कोर्टातली लढाई चार स्त्रियांच्या नावावर लढली गेली. त्यांतली क्लॉडेट कॉल्विन हिला पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, वयाच्या पंधराव्या वर्षी, याच कारणासाठी अटक झाली होती. बसमधला वेगळेपणा घटनाबाह्य ठरवणारा खालच्या कोर्टाचा निकाल १३ नोव्हेंबर १९५६ला सुप्रीम कोर्टाने कायम केला.

निकाल लागला, तरी त्या गाडीत शेजारी बसायचे कसे, हा प्रश्न उरलाच. चर्चमध्ये खुर्च्या बसमधल्या आसनांसारख्या ओळीने मांडल्या गेल्या. कुणी ड्रायव्हर झाले, कुणी गोरे प्रवासी, कुणी स्वतःच. गोऱ्याची भूमिका करणारा कधी इतका रंगात यायचा की त्याला आवरावे लागे. समोरच्याचाही कधी तोल जायचा. प्रत्येक प्रसंगानंतर सगळ्यांनी मिळून चर्चा करायची. शिवी आली तर परत शिवी द्यायची नाही, धक्का बसला तर परत मारायचा नाही, अशा सूचनांचे पत्रकही वाटले. अपमान गिळायची नव्हे, तो समोरून येताना ताठ बसून राहायची ही तालीम होती.

गोऱ्यांच्या बाजूला असे काहीच झाले नाही. आपल्या लोकांना समजावून सांगण्याची जबाबदारी त्यांच्यातल्या एकाही संस्थेने उचलली नाही, ही खंत किंग यांनी पुढे लिहून ठेवली आहे. जे सोसत आले होते तेच वागणुकीचे धडे गिरवत होते. ज्यांचे वागणे बदलायला हवे होते त्यांना कुणी एकत्र बसवलेच नाही. २१ डिसेंबर १९५६ला कृष्णवर्णीय पुढच्या जागांवर बसले आणि आठवडाभरात बसवर गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या. एक गरोदर स्त्री पायाला गोळी लागून जखमी झाली. जानेवारीत एकाच रात्रीत चार चर्चवर बॉम्बहल्ले झाले. दोघा गोऱ्यांनी सही करून कबुलीजबाब दिले होते. तरीही मे १९५७मध्ये गोऱ्यांच्याच ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. नोकरी गेलेल्या, धमक्यांनी जेरीस आलेल्या रोझा पार्क्स त्याच वर्षी माँटगोमेरी सोडून डेट्रॉइटला राहायला गेल्या.