नात्यांची उकल (लेखांक ९) : शंभर जणींशी बोललेला मुलगा

मागच्या आठवड्यात आपण फ्रॉइडच्या कोचापाशी थांबलो होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचे शिक्षणही त्याच मनोविश्लेषणाच्या पठडीतले. पण वर्षानुवर्षे बालपण उकरूनही माणसे बदलत नाहीत, असे पाहून तो वैतागला आणि १९५५ मध्ये त्याने स्वतःची वेगळी उपचारपद्धती मांडली. तीच आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार.

खरे तर बालपण उकरायला त्याच्याकडेही पुष्कळ होते. मूत्रपिंडाच्या आजाराने तो पुन्हा पुन्हा दवाखान्यात पडायचा, आईवडील क्वचितच भेटायला यायचे. तो बारा वर्षांचा असताना ते विभक्त झाले. मुलींशी बोलायचे म्हटले की त्याची बोबडी वळे. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःलाच शिक्षा फर्मावली : न्यूयॉर्कच्या ब्राँक्स उद्यानात महिनाभर जायचे, बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून मिनिटाभरात बोलायला लागायचे. त्याच्याच हिशेबाने १३० जणी भेटल्या. तीस उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणे झाले. एक भेटायला तयार झाली, तीही आली नाही. पण आभाळ कोसळले नाही आणि भीती पळाली. (आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावावर कोणी हा प्रयोग करू नये. त्या बायांना काय वाटले असेल, हेही विचारायला हवेच.)

एलिसचे म्हणणे असे, की घटना आपल्याला थेट दुखवत नाही. घटना आणि दुःख यांच्या मधे आपली एक धारणा बसलेली असते. समजा, मुलगा पुण्याला आयटीत. रविवारी त्याचा फोन आला नाही. इकडे नागपुरात धरमपेठेतली आई सोमवारी विचारते, "फोन काहून नाही केला रे?" इथवर ठीक. पण मनात चाललेले असते ते निराळेच : त्याने केलाच पाहिजे होता, नाही केला म्हणजे त्याला माझी किंमत नाही, आणि हे मला सहन होणार नाही. मग पुढची दहा मिनिटे टोमणे. मुलगा पुढच्या रविवारी फोन करायलाच कचरतो.

अशा वेळी या पद्धतीचा उपचारक आईला गोंजारत बसत नाही. "फोन यावा ही इच्छा रास्त, पण तो आलाच पाहिजे हा नियम कुठे लिहिला आहे?" असे तो विचारतो. आणि गृहपाठ देतो : या आठवड्यात टोमणा न मारता बोलायचे, काय झाले ते लिहून आणायचे.

महाराष्ट्रात ही पद्धत रुजवली ती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. एलिसशी त्यांचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला. ठाण्यात १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काढणारे डॉ. आनंद नाडकर्णीही याच वाटेने काम करतात.

एलिसची स्वतःची पहिली दोन लग्ने टिकली नाहीत. त्यामुळे पद्धत खोटी ठरत नाही, पण तिला जादूही समजू नये. घरात मारहाण होत असेल, तर धारणा तपासत बसू नका. आधी सुरक्षित जागी जा.

आपल्याकडे नागपुरात मात्र मदतीसाठी मनोरुग्णालयात जाणाऱ्याला 'पागलखाना चौक' म्हणून हसणारे अजून आहेत आणि त्यामुळे लोक उंबऱ्यावरूनच परततात. तिथे जायचा धीर होत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फोन निःशुल्क आहे आणि मराठीत बोलता येते. लावून पाहा.