ही गोष्ट सांगतंय कोण?

दक्षिण बेंगळुरूतलं जयनगर. १९४८ मध्ये पायाभरणी झालेली, रुंद रस्त्यांची आणि गर्द झाडांची वसाहत. सतराव्या शतकात हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, तेव्हा मराठी इथे काही काल-परवा आलेली नाही. अशा एखाद्या मराठी घरातल्या नववीच्या मुलीची कल्पना करा. आईशी मराठी, भाजीवालीशी कन्नड, मैत्रिणींशी तिन्ही भाषांची मिसळ. पण शाळेसाठी गोष्ट लिहायला बसली की ती एकदम पुस्तकी इंग्रजीत शिरते. एका गावात एक शेतकरी राहत होता, इथपासून ते तात्पर्यापर्यंत सगळं बिनचूक. मार्कही चांगले पडतात. फक्त त्या गोष्टीत तिचा स्वतःचा आवाज कुठेच ऐकू येत नाही.

दोष मुलीचा नाही. मोठी माणसं तिला मुद्दे देतात, सुरुवात-मध्य-शेवट शिकवतात, शुद्धलेखन तपासतात. एक प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. ही गोष्ट सांगतंय कोण?

निवेदकाचा हा धडा शिकवायला कर्नाटकातल्याच एका लोककथेइतकं उत्तम साधन सापडणं कठीण. ए. के. रामानुजन यांनी ती आपल्या लोककथासंग्रहात घेतली आहे. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत असतं, पण ती ते कुणाला म्हणून सांगत नाही. कोंडून कोंडून दोघं हैराण होतात. एकदा बाई तोंड उघडं टाकून झोपलेली असताना गोष्ट बाहेर उडी मारते, पाठोपाठ गाणंही. गोष्ट जोड्यांचं रूप घेऊन दाराशी बसते, गाणं पुरुषाचा कोट होऊन खुंटीला लटकतं. नवरा घरी येतो आणि विचारतो, कोण आलं होतं? बायकोला खरंच काही ठाऊक नसतं. कडाक्याचं भांडण होतं आणि नवरा रागारागाने हनुमानाच्या देवळात झोपायला जातो. गावातल्या विझवलेल्या दिव्यांच्या ज्योती रात्री तिथे गप्पा मारायला जमतात! त्याच्या घरची ज्योत सगळ्यांत उशिरा येते आणि तिच्या बोलण्यातून त्याला खरं काय ते कळतं. घरी जाऊन तो बायकोला गोष्टीबद्दल विचारतो, तर ती म्हणते, कुठली गोष्ट? कुठलं गाणं?

आता मुलांचे चार गट करा. एकाने हा प्रसंग नवऱ्याच्या तोंडून सांगायचा, दुसऱ्याने बायकोच्या, तिसऱ्याने ज्योतीच्या, चौथ्याने जोड्यांच्या. घटना तीच, पण नवरा सांगेल ती संशयाची कथा, बायको सांगेल ती अन्यायाची, ज्योतीला मात्र सगळंच ठाऊक असल्यामुळे हसू आवरणार नाही. आणि वर्षानुवर्षं कोंडलेले जोडे? ते सूडच घेणार! कुणाला काय माहीत आहे आणि काय नाही, यावर निवेदनाचा खेळ चालतो, हे मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

याच लोककथेचा धागा गिरीश कार्नाड यांनी ‘नागमंडल’ (१९८८) या नाटकात घेतला. तिथे ‘गोष्ट’ स्वतःच बाईच्या रूपात रंगमंचावर येते आणि बोलू लागते. माथेरानला जन्मलेले कार्नाड कित्येक वर्षं जयनगरशेजारच्या जे. पी. नगरात राहत होते. मुंबईच्या मराठी, हिंदी, गुजराती रंगभूमीवर काम केलेल्या अरुंधती नाग यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये उभं राहिलेलं ‘रंगशंकरा’ नाट्यगृहही तिथेच आहे. मुलांना वर्षातून दोनदा तरी तिथे न्यावं. ट्यूशन एक दिवस बुडाली तर आभाळ कोसळत नाही.

थोड्या मोठ्या मुलांच्या हाती आर. के. नारायण यांची ‘द गाइड’ (१९५८) द्यावी. तुरुंगातून सुटलेल्या राजूला गावकरी साधू समजतात, तो भाग लेखक बाहेर उभं राहून सांगतो. राजूचं बालपण आणि रोझीशी जमलेलं नातं मात्र राजू स्वतः ‘मी’ म्हणून सांगतो. मग मुलांना विचारावं, या गोडबोल्या गाइडचं किती खरं मानायचं?

‘मी’ म्हणजे नेहमी लेखकच नसतो, ही गोष्ट मुलांपेक्षा पालकांनी समजून घ्यायला हवी. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. आठवणी त्यांच्या स्वतःच्या, पण पुस्तकात त्या सांगतो श्याम, आश्रमातल्या मित्रांना, रात्री प्रार्थनेनंतर. आईला दिलेला त्रास, स्वतःची लाज, पश्चात्ताप हे सारं श्यामच्या आडून बोलता आलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना असाच आडोसा हवा असतो. जे जेवणाच्या टेबलावर कधीच निघत नाही, ते कथेतला एखादा परका मुलगा बोलून जातो. वहीतल्या गोष्टीत चिडका बाप दिसला, की ‘हे आमच्याबद्दल लिहिलंस का?’ असा पहिला प्रश्न येतो. तो विचारला की पुढच्या वेळी पुन्हा शेतकरी आणि तात्पर्य! त्यापेक्षा तो बाप खिडकीत उभा राहून कसला विचार करत होता, असं विचारून पाहावं. कदाचित पुढचं पान बापाच्या तोंडून लिहिलं जाईल.

आवाज डोळ्यांनी नाही, कानांनी शिकला जातो. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर गावोगावी कथाकथन करत, तेव्हा श्रोत्यांना पात्रं बोलण्याच्या लकबीवरून ओळखू येत. बेंगळुरूत गीता रामानुजम यांनी १९९८ मध्ये ‘कथालय’ ही संस्था सुरू करून शिक्षकांनाही गोष्ट सांगण्याचं शिक्षण दिलं. म्हणून आधी सांगू द्यावं, मग लिहू द्यावं. सांगताना मराठीत एखादा कन्नड शब्द घुसला तर घुसू द्यावा. आजी तशीच बोलत असेल तर गोष्टीतल्या आजीनेही तसंच बोलावं.

सुरुवात घरातूनही करता येते. फोर्थ ब्लॉकच्या बाजारात सगळ्यांना पावसाने गाठलं, एवढाच प्रसंग घ्या. आजोबांच्या हकिगतीत आजी छत्री विसरलेली असते. आजीच्या हकिगतीत छत्री आजोबांच्याच हातात दिलेली असते. नातीने दोन्ही हकिगती जशाच्या तशा लिहून घ्याव्यात आणि तिसरी लिहावी, भाजीच्या दुकानात राहून गेलेल्या त्या छत्रीच्या तोंडून.