विहिरीत टेप सोडणारा माणूस

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडजवळ तावरजा नदी उगम पावते आणि पुढे शिवणीजवळ मांजरेला मिळते. नदीचे माहेरच म्हणा ना. तरी उन्हाळा कडक निघाला की या भागातल्या घरांत सकाळी पहिली चौकशी होते ती टँकरची. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यांत पाच लाख लिटर पाणी. ती गाडी साऱ्या देशाने पाहिली. पण अशा टंचाईची चाहूल ज्याला सहा-सात महिने आधीच लागते, तो माणूस कुणाच्या ध्यानात राहत नाही.

तो असतो भूजलाचा अभ्यासक. आपल्या राज्यात १९७२ पासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम करते. ठिकठिकाणच्या ठरावीक विहिरी तिने निरीक्षणासाठी निवडलेल्या आहेत. पावसाळा सरल्यावर, मग जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात त्यांची पातळी मोजली जाते. काम दिसायला अगदी साधे. विहिरीच्या काठावर ठरवलेल्या एकाच खुणेपासून टेप खाली सोडायचा, पाण्याला टेकला की आकडा वहीत लिहायचा आणि पुढच्या गावाला निघायचे. ऊन, धूळ, बांधावरची पायपीट, आणि शेतकऱ्याचा ठरलेला प्रश्न : “साहेब, बोअर घेऊ का?”

त्या एका आकड्याला तसा अर्थ नसतो. मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिल्यावर तो बोलू लागतो. ऑक्टोबरातच पातळी सरासरीच्या दोन मीटर खाली असेल, तर मार्चनंतर कोणत्या गावांत टंचाई येणार हे कार्यालयात बसून सांगता येते.

मराठवाड्याचा खडक हा लाव्ह्याचा काळा बेसाल्ट, एकावर एक बसलेल्या थरांचा. पाणी त्याच्या फटींत, सच्छिद्र पट्ट्यांत आणि झिजलेल्या मुरमात राहते. असा शंभर बादल्या खडक उपसला तर हाती लागते जेमतेम दोन बादल्या पाणी. आता हिशेब करू. वर्षाचा पाऊस ८०० मिमी धरा. त्यातले साधारण दहा टक्के, म्हणजे ८० मिमी, जमिनीत मुरते. खडकात जागा दोन टक्केच, म्हणून एवढ्याशा पाण्यानेही विहीर चार मीटर चढते. ती पाहून घरात आनंद होतो. पण चढली तशीच ती झपाट्याने उतरते, कारण मुळात पाणी ८० मिमीच आहे.

उसाला वर्षाकाठी सुमारे २००० मिमी पाणी लागते. पावसाने भागवलेला वाटा सोडला तरी एका एकर उसामागे पंधरा-वीस एकरांवर मुरलेले पाणी खर्ची पडते. मुरुड परिसरातल्या कोणत्याही घरात हा हिशेब जेवताना मांडून पाहावा. वादावादी होईल, होऊ द्यावी.

बोअरचे दुखणे याहून मोठे आहे. पाणाड्या नारळ हातावर धरून जागा दाखवतो, गाडी येते, पाचशे फूट जाऊन धूळच निघते आणि घरातल्या बाईचे दागिने त्यात गेलेले असतात. अभ्यासक पाहतो उतार, ओढ्याची दिशा, शेजारच्या विहिरींतले थर. पुष्कळदा तो “इथे नको” म्हणतो. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत उपयोगी सल्ला, आणि हाच सर्वांत कमी ऐकला जातो. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जाण्यावर बंधन आहे, हे तरी किती जणांना ठाऊक असते?

ही विद्या आपल्याला परकी नाही. अल-करजी या गणितज्ञाने हजार वर्षांपूर्वी जमिनीखालचे पाणी शोधण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मलिक अंबरने औरंगाबादेत भुयारी नहर खेळवली, पंप नव्हता तेव्हा, निव्वळ उताराच्या जोरावर. आज या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे. बारावीला विज्ञान घेतलेल्या मुलीला डॉक्टर-इंजिनिअर एवढेच दोन दरवाजे दाखवणाऱ्या अब्बांनी हे जरूर वाचावे.

आणि ज्यांच्या शेतात विहीर आहे त्यांच्यासाठी : दर महिन्याच्या एकाच तारखेला, पहाटे, मोटार लावण्याआधी मोजायचे. रात्रभर उपसा बंद असला पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येतो. टेप नसेल तर दोरीला वजन बांधून हात-हातावर गाठी मारल्या तरी चालते. आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहावा आणि वर्ष संपले की ते कॅलेंडर रद्दीत घालू नये.