प्लाझ्मासायटोमा व मल्टिपल मायलोमा : निदान आणि उपचार

प्लाझ्मासायटोमा व मल्टिपल मायलोमा हे प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या प्लाझ्मा पेशींचे कर्करोग आहेत. गाठ एकच, अस्थिमज्जेतील विकृत पेशी १० टक्क्यांहून कमी आणि इतर अवयव सुरक्षित असल्यास त्यास एकल प्लाझ्मासायटोमा म्हणतात. त्यावर मुख्यतः किरणोपचार करतात. या पेशी १० टक्के किंवा अधिक असून रक्तक्षय, पोखरलेली हाडे, मूत्रपिंडाचा बिघाड किंवा रक्तातील वाढलेले कॅल्शियम यांपैकी काही आढळल्यास मायलोमाचे निदान होते. त्यावर औषधोपचार आणि योग्य रुग्णांत स्वतःच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण करतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सुरुवात १९८३ मध्ये झाली. हाडातील एकल गाठ किरणोपचाराने नाहीशी झाली तरी पुढे मायलोमा उद्भवू शकतो. म्हणून विकृत पेशींनी रक्तात सोडलेल्या एम-प्रथिनाची तपासणी ठरावीक काळाने करणे आवश्यक असते.