अंबरनाथच्या मंदिराचं साल चुकीचं वाचणाऱ्या माणसाच्या नावाने मुंबईत म्युझियम का आहे?

अंबरनाथचं शिवमंदिर किती जुनं, असं विचारलं तर बदलापूर-उल्हासनगरातलं कुणीही सांगेल, जवळपास हजार वर्षं. नेमकं साल इ.स. १०६०. मंदिराच्या उत्तर दरवाजावरच्या शिलालेखात शके ९८२ आणि शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे.

पण हा लेख पहिल्यांदा अभ्यासला गेला तेव्हा साल वाचलं गेलं शके ७८२, म्हणजे इ.स. ८६०. थेट २०० वर्षांचा फरक. वाचणारे होते डॉ. भाऊ दाजी लाड.

ही चूक पुढे दुरुस्त केली पंडित भगवानलाल इंद्रजींनी. गंमत म्हणजे जुनागढच्या भगवानलालना मुंबईत आणून या कामाला लावणारे भाऊ दाजीच होते.

आता अंबरनाथहून लोकल पकडा, भायखळ्याला उतरा आणि पूर्वेला राणीच्या बागेकडे चालू लागा. तिथे जी देखणी इंग्रजकालीन इमारत दिसते, तिच्यावर याच माणसाचं नाव आहे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम.

सुरुवातीला मात्र या म्युझियमला मुंबईच्या इतिहासाशी फारसं देणंघेणं नव्हतं. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी इंग्रज सरकार इथल्या वस्तू गोळा करत होतं. इथे काय पिकतं, काय बनतं, काय विकता येईल याचे नमुने. त्यातूनच एक संग्रह उभा राहिला आणि फोर्टातल्या लष्करी बराकीत मांडला गेला. १८५७ चा उठाव झाला, लष्कराला बराक हवी झाली आणि वस्तू घाईघाईत हलवल्या गेल्या. त्यात बऱ्याच फुटल्या.

मग डॉ. जॉर्ज बर्डवूड, नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी वर्गणीतून स्वतंत्र इमारत बांधायचं मनावर घेतलं. १८६२ ला पायाभरणी झाली. तेव्हा मुंबईत कापसाचा पैसा धो धो येत होता, कारण अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं. १८६५ ला युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, भलेभले सटोडिये बुडाले आणि बांधकाम रखडलं. शेवटी सरकारने पैसे घातले आणि २ मे १८७२ ला ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ लोकांसाठी उघडलं.

हे नाव टिकलं १९७५ पर्यंत. त्या वर्षी भाऊ दाजींचं नाव देण्यात आलं. अल्बर्टचा पुतळा मात्र अजूनही आत दिमाखात उभा आहे. रस्त्यांवरून काढलेले कॉर्नवॉलिस, वेलस्ली यांचे पुतळेही याच आवारात आहेत. शिवाय बाहेर एक दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून घारापुरीला ‘एलिफंटा’ नाव पडलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला होता, पण उचलताना तो पडून फुटला, म्हणून इथेच राहिला.

नाव बदललं तरी इमारतीची दुरवस्था थांबली नव्हती. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून दुरुस्ती हाती घेतली. २००५ ला त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, २००८ ला म्युझियम पुन्हा उघडलं. विकायच्या मालाचे नमुने म्हणून जमवलेल्या वस्तूंच्या शेजारी आज मुंबईचे जुने नकाशे, जहाजांच्या प्रतिकृती आणि इथल्या माणसांच्या मातीच्या मूर्ती बघायला मिळतात.

बराकीवरून उल्हासनगरकरांना काही आठवलं असेल. दुसऱ्या महायुद्धातला ‘कल्याण कॅम्प’ रिकामा झाला आणि फाळणीनंतर त्याच्या बराकींमध्ये सिंधी निर्वासितांचे संसार थाटले गेले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीचं ‘उल्हासनगर’ असं नामकरण झालं. आजही तिथल्या पत्त्यात बराक नंबर असतो. पंजाबात अमृतसरच्या इंग्रजकालीन टाउन हॉलमध्ये २०१७ पासून फाळणीचं म्युझियम आहे. लोकांनी सीमेपलीकडून आणलेल्या घरगुती वस्तूच तिथे मांडल्या आहेत. उल्हासनगरची एखादी बराक अशी राखायची, तर ती पुनर्विकासात जाण्याआधीच राखावी लागेल.

भायखळ्याला जायचं ठरवलं, तर बुधवार टाळा. त्या दिवशी म्युझियम बंद असतं.